बाराचे नऊ : जर्मन बिशपांच्या चांदीच्या नाण्यांची गोष्ट

बारा जुनी नाणी द्या आणि नऊ नवी घेऊन जा. बाराव्या शतकात एल्बे नदीकाठच्या माग्डेबुर्ग शहरात हा व्यवहार वर्षातून दोनदा होत असे. ठरलेला दिवस आला की खिशातले नाणे बाजारात चालेनासे होई. ते घेऊन टांकसाळीच्या बाकापाशी जायचे, मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. बारांमागची उरलेली तीन नाणी शहराच्या धन्याकडे जात. हा धनी राजा नव्हता, सरदारही नव्हता. तो होता माग्डेबुर्गचा आर्चबिशप, म्हणजे त्या प्रांतातला सर्वोच्च धर्मगुरू.

नोव्हेंबर २०१६ मध्ये बँकांसमोर रांगेत उभे राहिलेल्या वाचकांना जुने चलन रद्द होणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की आपल्याला हजार रुपये भरल्यावर खात्यात हजारच मिळाले. माग्डेबुर्गकरांना पाऊणपट मिळत, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. नाण्यांचा नाद मला मराठेशाहीतल्या रुपयांपासून लागला. अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का अशी नाना तऱ्हांची नाणी एकाच बाजारात फिरत आणि सराफ प्रत्येकावर वेगळा बट्टा कापत. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आजही म्हणतो, ते याच व्यवहारावरून. बंगालमध्ये तर कोरा सिक्का रुपया वर्षे उलटली की केवळ जुना झाला म्हणून कमी भावाने घेतला जाई. या बट्ट्याचा माग काढताना मी जर्मन नाण्यांपर्यंत पोचलो. शेजारी शब्दकोश ठेवून पुस्तके वाचली, संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेली छायाचित्रे भिंग लावून पाहिली. आपल्याकडचा बट्टा प्रामुख्याने बाजारातला सराफ लावी; तिकडे तो नाणे पाडणाराच लावत होता. तोही क्रॉस आणि संतांची चित्रे कोरलेल्या नाण्यावर. हे कसे घडले, त्याचा भार कुणावर पडला आणि ते कसे थांबले, हे या लेखात पाहायचे आहे.

टांकसाळ धर्मपीठाकडे कशी गेली?

सुरुवात शार्लमेनपासून करावी लागते. इ.स. ७९४ च्या सुमारास त्याने जी नाणेव्यवस्था पक्की केली, तीत एक पौंड चांदीतून २४० नाणी पाडायची असा हिशेब होता. बारा नाण्यांचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. यातले शिलिंग आणि पौंड त्या काळी फक्त हिशेबात होते. प्रत्यक्ष हातात पडे ते एकच नाणे, चांदीचा डेनारियस. जर्मन भाषेत त्याला फेनिग म्हणत. पुढची जवळपास पाचशे वर्षे जर्मन प्रदेशात रोजचे नाणे म्हणजे हा फेनिगच.

नाणे पाडण्याचा अधिकार राजाचा. परंतु दहाव्या शतकात सम्राट ऑटो पहिला आणि त्याचे वंशज यांनी हा अधिकार मुक्तहस्ताने वाटला, आणि त्यातला मोठा वाटा चर्चला दिला. यामागे भक्ती होती तसा व्यवहारही होता. सरदाराला जहागीर दिली की ती त्याच्या मुलाकडे, नातवाकडे जाते आणि दोन पिढ्यांत राजाच्या हातून निसटते. बिशपाला औरस वारस नसे. तो वारला की त्याच्या जागी कोण यावा, यात राजाचा शब्द चाले. म्हणून बिशपाला दिलेली सत्ता राजाला आपल्या आवाक्यातली वाटे.

हे अधिकार सहसा एकत्र दिले जात : बाजार, जकात आणि टांकसाळ. ही तीन नावे एका दमात येतात, कारण एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. बाजार भरला की नाणे लागते, नाणे बदलायला परका व्यापारी टांकसाळीत येतो आणि जाता-येता जकात देतो. ९६५ साली ऑटोने माग्डेबुर्गच्या संत मॉरित्सच्या मठाला हे अधिकार दिले. तीनच वर्षांनी, ९६८ मध्ये, तिथे आर्चबिशपचे पीठ स्थापन झाले. ९९४ साली ऑटो तिसरा याने क्वेडलिनबुर्गच्या मठाध्यक्षा माटिल्डे हिला असाच अधिकार दिला. ही माटिल्डे त्याची आत्या. त्यामुळे त्या काळच्या युरोपात काही स्त्रियाही नाणी पाडत होत्या, आणि त्या राण्या नव्हत्या, मठाच्या प्रमुख होत्या.

चांदीही जवळच होती. हार्झ पर्वतातल्या गोस्लारजवळ रामेल्सबेर्गची खाण दहाव्या शतकात चालू होती. ११६८ मध्ये माइसनच्या मुलखात, आजच्या फ्रायबेर्गला, चांदीचे नवे साठे सापडले. अकराव्या शतकात जर्मन फेनिग इतके निघाले, की त्यांचे मोठमोठे साठे बाल्टिक समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये जमिनीत सापडतात.

कागदासारखी चांदी

इ.स. ११३० च्या आसपास सॅक्सनी आणि थ्युरिंगिया भागात नाण्याचे रूप बदलले. दोन्ही बाजूंना छाप असलेल्या लहान, जाडसर फेनिगची जागा एका पातळ पत्र्याने घेतली. पत्रा इतका पातळ की पुढच्या बाजूला उमटलेले चित्र मागे खोलगट दिसे. लॅटिनमध्ये पातळ वर्खाला ‘ब्राक्तेआ’ म्हणतात, त्यावरून पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी या नाण्यांना ब्रॅक्टिएट हे नाव दिले. ती वापरणारे लोक मात्र त्यांना फेनिगच म्हणत.

आकाराची कल्पना यावी म्हणून आपला राणीछाप रुपया डोळ्यांपुढे आणा. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. माग्डेबुर्गचे ब्रॅक्टिएट रुंदीला जवळपास त्याच्याएवढे असू शकते, पण वजनाला एक ग्रॅमच्या आसपास. बोटांनी दाबले तर वाकेल, खिशात चुरगळेल. सुटे हवे असेल तर लोक ते कापून अर्धे करीत; असे अर्धे तुकडे साठ्यांत सापडतात.

अशी नाणी आपल्याकडे अगदीच अनोळखी नाहीत. दक्षिण कोसलात, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या परिसरात, शरभपुरीय राजांनी पाचव्या-सहाव्या शतकात पातळ सोन्याच्या पत्र्यावर एकाच बाजूने उठाव काढलेली नाणी पाडली होती. जर्मन ब्रॅक्टिएटशी त्यांचा काहीही संबंध नाही. पण पातळ पत्र्यावर सुबक काम करता येते, हे दोन्हीकडच्या कारागिरांना उमगले होते.

पातळ पत्र्याचा फायदा टांकसाळीला होता. दोन ठशांऐवजी एकच ठसा कोरायचा. दुसऱ्या बाजूला कातडे किंवा शिसे अशी मऊ बैठक ठेवली की झाले. पत्रा मऊ, म्हणून घाव हलका पुरे. काम झपाट्याने होई. आणि जे नाणे सहा महिन्यांतच परत येऊन वितळणार आहे, ते टिकाऊ असण्याची गरजही नव्हती.

चित्र कशासाठी?

या नाण्यांची चित्रे पाहून कुणीही थक्क व्हावे. माग्डेबुर्गचा पालक संत मॉरित्स. आख्यायिकेनुसार हा इजिप्तमधल्या थीब्जच्या रोमन पलटणीचा सेनानी. नाण्यावर तो हातात ध्वज आणि ढाल घेऊन उभा असतो. हाल्बरश्टाटचे कॅथेड्रल संत स्टीफनचे. त्याला दगडांनी ठेचून मारले गेले, म्हणून तिथल्या काही नाण्यांवर तो सबंध प्रसंग आहे : मधे संत, भोवती दगड उगारलेले लोक, आणि हे सगळे जेमतेम तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात. एरफुर्ट हे माइन्त्सच्या आर्चबिशपचे शहर, म्हणून तिथे संत मार्टिन. क्वेडलिनबुर्गला डोक्यावरून वस्त्र घेतलेली, आसनावर बसलेली मठाध्यक्षा. बिशप ओळखायचा तो त्याच्या हातातल्या वळणदार दंडावरून.

कलेचे इतिहासकार या नाण्यांना रोमानेस्क शैलीची लघुशिल्पे मानतात, ते योग्यच आहे. मला मात्र त्या चित्रांकडे टांकसाळीच्या बाकावरून पाहावेसे वाटते. गिऱ्हाइकांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. काही नाण्यांवरची अक्षरे तर नुसती अक्षरांसारखी दिसणारी चिन्हे आहेत. मग चालू नाणे कोणते आणि रद्द झालेले कोणते, हे भाजीवालीला, खाटकाला, वसुली करणाऱ्याला कसे कळायचे? चित्रावरून. मागच्या खेपेला संत उभा होता, या खेपेला बिशप बसलेला आहे; मागच्या खेपेला हातात ध्वज होता, आता पुस्तक आहे. चित्र लांबूनच वेगळे दिसायला हवे, म्हणजे जुने नाणे कुणी नव्यात मिसळू नये.

म्हणून या नाण्यांत इतकी विविधता आहे. संग्राहकाला जी डझनावारी ‘प्रकारांची’ श्रीमंती वाटते, ती मुळात करवसुलीच्या हप्त्यांची मालिका आहे. प्रत्येक नवे चित्र म्हणजे शहराच्या खिशातून पुन्हा एकदा गेलेला चौथा हिस्सा. कारागिराचे कौशल्य खरे, संतावरची त्याची श्रद्धाही खरी असेल. पण त्याला दर सहा महिन्यांनी नवा ठसा कोरायला लावणारी गरज वसुलीची होती.

भार कुणावर?

माग्डेबुर्गमध्ये वर्षातून दोनदा नाणे बदलण्याची पद्धत आर्चबिशप विखमान याच्या नावाशी जोडली जाते. तो ११५२ पासून ११९२ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्या पीठावर होता. त्याला नुसता लोभी धर्मगुरू म्हणून मोडीत काढता येणार नाही. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा तो विश्वासू. ११७७ मध्ये व्हेनिसला सम्राट आणि पोप यांच्यात जो तह झाला, त्याच्या वाटाघाटींत त्याचा हात होता. त्याने एल्बेच्या पूर्वेला नवी गावे वसवली, ११७४ मध्ये युटरबोगला शहराचे हक्क दिले, आणि ११८८ मध्ये माग्डेबुर्गच्या नागरिकांना कायद्याची जी सनद दिली, त्या परंपरेतला ‘माग्डेबुर्ग कायदा’ पुढे पूर्व युरोपातल्या असंख्य शहरांनी स्वीकारला. शहरांना हक्क देणारा आणि शहराच्या प्रत्येक शिलिंगामागे तीन फेनिग कापणारा, एकच माणूस.

त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बाराव्या शतकातल्या या नाण्यांतली चांदी चांगली आहे. तांबे मिसळून लोकांना गुपचूप फसवण्याचा मार्ग राज्यकर्त्यांना नेहमीच मोकळा असतो. इथे कस सांभाळला गेला आणि कापायचे ते उघड, ठरल्या दराने कापले गेले.

तरीही हिशेब मांडून पाहावा. एखाद्या विणकराने वसंतात १४४ फेनिग गाठीला बांधले. पहिल्या बदलात त्यांचे १०८ झाले, दुसऱ्या बदलात ८१. खर्च एकही केला नाही, चोरी झाली नाही, आणि वर्षाच्या आत गाठीतली निम्म्याजवळ रक्कम गेली.

मोठ्या व्यापाऱ्याची तऱ्हा वेगळी होती. तो चांदी लगडीच्या रूपात ठेवी आणि मोठे व्यवहार ‘मार्क’ या वजनावर करी. लगडीवर ना संताचे चित्र, ना मुदत. शहरात चांदीची अदलाबदल टांकसाळीतच व्हावी असे नियम होते. पण ज्याची पेढी चार शहरांत आहे, त्याला नियमाबाहेरची वाट सापडते. जो रोज कमावतो आणि रोज पीठ-मीठ घेतो, त्याच्या हातात बदलाच्या दिवशी फारशी नाणी नसत, म्हणून तोही थोडक्यात सुटे. माझा तर्क असा, की खरी झळ मधल्या माणसाला बसली : मुलीच्या लग्नासाठी, बैलासाठी, आजारपणासाठी चार पैसे बाजूला टाकणाऱ्याला. त्याच्याकडे साठवण्याजोगे थोडेसे होते, पण ते लगडीत ठेवण्याएवढे नव्हते.

कायदा काय म्हणत होता? विखमाननंतर तीसेक वर्षांनी आयके फोन रेपगो याने सॅक्सन लोकांच्या रूढी ‘झाक्सेनश्पीगेल’ या ग्रंथात नोंदवल्या. नवा धनी गादीवर आला म्हणजे फेनिग बदलावेत, असा तिथला नियम आहे. वर्षातून दोनदा नव्हे, एका राजवटीत एकदा. हा नियम लिहून ठेवावासा वाटला, यातच बरेच काही आले. पण वरून आवर घालणारे कुणी उरले नव्हते. १२२० मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा याला आपल्या मुलाला जर्मनीचा राजा म्हणून निवडून आणायचे होते. धर्मपीठांच्या मदतीच्या मोबदल्यात त्याने त्यांना सनद दिली, की त्यांच्या प्रदेशात त्यांच्या संमतीशिवाय राजा नवी टांकसाळ किंवा नवे जकातनाके काढणार नाही. राजाचा अधिकार राजानेच सोडून दिला.

कोलोनचा तंटा

राजा आवर घालीना, तेव्हा शहरांनी तो घातला. याचे ठळक उदाहरण ऱ्हाइनकाठच्या कोलोनचे. इथला आर्चबिशपचा फेनिग वेगळ्या घडणीचा : दोन्ही बाजूंना छाप, सुमारे दीड ग्रॅम वजन, एका मार्क चांदीत १६० नाणी. इंग्लंडपासून फ्लँडर्सपर्यंतचे व्यापारी कोलोनला येत. सतत नाणे बदलले असते तर त्यांनी दुसरी बाजारपेठ धरली असती. या स्थैर्यामुळे कोलोनचा फेनिग दूरवर चाले आणि इतर टांकसाळी त्याची नक्कल करीत.

आर्चबिशप कोनराड फोन होखश्टाडेन याने ही घडी विस्कटायला घेतली, तेव्हा शहर त्याच्याविरुद्ध उभे राहिले. तंटा लवादाकडे गेला. १२५२ मध्ये निवाडा देणाऱ्यांत होता आल्बेर्टुस माग्नुस, त्या युगातला सर्वांत मोठा विद्वान, थोमास अक्विनासचा गुरू. निवाड्याचा आशय असा : नवा आर्चबिशप पीठावर बसला तर, किंवा तो सम्राटाबरोबरच्या इटलीच्या मोहिमेहून परतला तरच नवे नाणे काढावे; एरवी नाही. नाण्याचे वजन आणि कस ताडून पाहता यावेत म्हणून नमुन्याची नाणी जपून ठेवावीत.

नाणे पाडणाऱ्याची आहे म्हणून टांकसाळ त्याच्या मर्जीची होत नाही, हे तत्त्व एका धर्मशास्त्र्याने एका धर्मगुरूला, नागरिकांच्या बाजूने, कागदावर ऐकवले. या निवाड्याने भांडण कायमचे मिटले नाही. १२८८ साली वोरिंगेनच्या लढाईत कोलोनकर आर्चबिशपच्या शत्रूंच्या बाजूने लढले, आर्चबिशप कैद झाला आणि शहरावरची त्याची सत्ता व्यवहारात संपली.

सुवर्णयुगाचा दावा

विसाव्या शतकात या नाण्यांना अनपेक्षित चाहते मिळाले. पैसा साठवून ठेवणे हेच मंदीचे मूळ, म्हणून पैशाचे मोल काळानुसार घटत जावे, असा विचार जर्मन अर्थविचारक सिल्व्हिओ गेसेल (१८६२–१९३०) याने मांडला. १९३२ मध्ये ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावात तसा प्रयोगही झाला. या मताच्या काही लोकांना ब्रॅक्टिएटमध्ये आपला पूर्वज सापडला. त्यांचे म्हणणे असे, की नाणे घटत होते म्हणून लोक ते पटकन खर्च करीत, म्हणून व्यापार फुलला, शहरे वाढली, कॅथेड्रल उभी राहिली.

दावा आकर्षक आहे, पण नाणी स्वतःच त्याच्या आड येतात. लोक साठवत नव्हते, तर फ्रेकलेबेन आणि झेगा इथे जमिनीतून निघालेले ब्रॅक्टिएटचे साठे कुणाचे? आणि कॅथेड्रलचे काय? माग्डेबुर्गचे आजचे कॅथेड्रल १२०७ च्या आगीनंतर, १२०९ पासून बांधले गेले. तो ब्रॅक्टिएटचा मुलूख. कोलोनच्या प्रचंड कॅथेड्रलची पायाभरणी १२४८ मध्ये झाली. तो जाड, दुहेरी छापाच्या फेनिगचा मुलूख. पायाभरणी करणारा तोच कोनराड, ज्याला चार वर्षांनी नाण्यांवरून निवाडा ऐकावा लागला. दोन्हीकडे मंदिरे उभी राहिली, तर त्याचे श्रेय पातळ नाण्याला देता येत नाही. खाणींतली चांदी, नव्याने लागवडीखाली आलेली जमीन, वाढती लोकसंख्या ही कारणे समोर असताना बट्ट्याला समृद्धीचा जनक ठरवणे म्हणजे पाऊस पडला म्हणून जकातदाराचे आभार मानण्यासारखे आहे.

शाश्वत फेनिग

शेवट शहरांनी पैसे मोजून विकत घेतला. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून ठिकठिकाणी नागरिक आपल्या धन्याला, मग तो बिशप असो की सरदार, एकरकमी पैसे किंवा ठरावीक कर देऊ लागले आणि त्या बदल्यात नाणे न बदलण्याचे वचन किंवा टांकसाळच ताब्यात घेऊ लागले. अशा नाण्याला नाव पडले ‘एविगर फेनिग’, म्हणजे शाश्वत फेनिग. ब्रांडेनबुर्गच्या शहरांनी १३६९ मध्ये तिथल्या मार्गग्राफकडून असाच अधिकार विकत घेतला. दरम्यान १३०० मध्ये बोहेमियात आणि १३३८ मध्ये माइसनच्या मुलखात ग्रोशेन हे मोठे, जाड चांदीचे नाणे निघाले. मोठ्या व्यवहाराला ते सोयीचे होते. पातळ पत्र्याचे फेनिग उरले, पण लहान, हलक्या चांदीचे, सुट्या पैशांच्या कामापुरते. बिशपांच्या नावाची नाणी मात्र १८०३ मध्ये जर्मन धर्मपीठांची राज्ये खालसा होईपर्यंत निघत राहिली.

लिलावांच्या याद्यांत आज विखमानच्या ब्रॅक्टिएटला मोठा मान असतो. शहरांनी काढलेल्या साध्या फेनिगकडे कुणी फारसे वळत नाही. त्यावर बहुधा एखादे शहराचे चिन्ह असते, आणि तेही ओबडधोबड. वर्षानुवर्षे तेच. चित्र बदलायचे कारणच उरले नव्हते. कलेच्या दृष्टीने ही घसरण असेल. पण त्या ओबडधोबड नाण्याची १४४ गाठीला बांधणाऱ्या विणकराला वर्षाअखेरीस १४४च मिळत होती, आणि एवढ्यासाठी त्याच्या शहराने रोख पैसे मोजले होते.